रविवारची सुई

बसा, चहा होऊ द्या. तोवर मी माझ्या अकलेचे दिवे कसे पाजळले ते सांगतो. बाहेर कुठे बोलू नका असं म्हणालो असतो, पण समुद्रपुरात, म्हणजे माझ्या सासुरवाडीत, सगळ्यांना माहीत आहे. मग वर्ध्यात झाकून काय उपयोग?

मला दमा आहे हे तुम्हाला ठाऊकच. साधासुधा नाही. पंप झाले, गोळ्या झाल्या, शेवटी नागपूरच्या छातीच्या डॉक्टरांनी एक नवी सुई सुरू केली. दर चार आठवड्यांनी, मंगळवारी. ती घेतली की मी माणसात असतो. जिना चढतो, बायकोशी भांडतोसुद्धा. मागे एकदा एक सुई चुकवली, तर आठवडाभर ऑक्सिजन लावून पडलो होतो.

आता या 'चार आठवड्यांनी'त काय जादू आहे पाहा. महिन्याची ठरावीक तारीख असली तर लोकांच्या लक्षात राहते. चार आठवडे कोणाच्या बापाच्या लक्षात राहत नाहीत, कारण तारीख दर वेळी सरकते. त्यामुळे कोणी बारशाला बोलावलं की मी चेहरा पाडायचो आणि म्हणायचो, "त्या दिवशी नेमकी माझी सुई आहे हो." समोरचाच हळहळायचा. मला पाहुण्यांत बसायचा भारी कंटाळा. डॉक्टरांनी सुईचे इतके फायदे सांगितले, पण हा काही सांगितला नव्हता.

वंदना, म्हणजे आमची बायको, शाळेत शिकवते. ती म्हणायची, "लोकं येडे नाईत. भोवते पाहा तुमाले एक दिवस."

मागच्या हिवाळ्यात तिच्या धाकट्या बहिणीचं, प्राचीचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. मुलगा कारंज्याचा, कार्यक्रम समुद्रपूरला, रविवारी. आणि त्याच रविवारी आमच्या कचेरीतल्या मंडळींचा एका शेतात रोडग्यांचा बेत. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरून तूप. दम्याच्या माणसानं गोवऱ्यांच्या धुरात बसू नये हे मला कळतं. पण तूपही कळतं ना.

वंदना शाळेत गेलेली बघून मी सासऱ्यांना फोन लावला. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. कापसाची शेती, आवाज मोठा, मन त्याहून मोठं.

"मामाजी, काय करू, नेमकी रविवारीच माझी सुई आली."

मला वाटलं, जमलं.

"मंग साक्षगंध पुढं ढकलतो," ते म्हणाले.

"अहो, नाही नाही, माझ्यासाठी कशाला?"

"वा जी! घरचा मोठा जवाई नाई त साक्षगंध कोनासाठी? तुमची सुई पयले. ठेवा फोन, मी कारंज्याले लावतो."

तासाभरात मुलाकडच्यांना फोन, भटजींना फोन, आचाऱ्याला फोन. सभागृह नंतर एकाच दिवशी मोकळं होतं. मंगळवारी. माझ्या खऱ्याखुऱ्या सुईच्या मंगळवारी.

वंदना घरी आली ती वडिलांकडून सगळं ऐकूनच.

"रविवारी सुई?"

मी चहाच्या कपात बघत बसलो.

"मंगळवारी साक्षगंध अन् मंगळवारीच सुई. आता काय करता? मागच्या वेळी तुमच्या उशाशी मी बसली होती, ते रोडगेवाले नाई. आत्ताच्या आत्ता बाबाले खरं सांगा." तिचे डोळे भरून आले होते. ती घाबरली होती, आणि मला फार वाईट वाटलं.

मी फोन लावला. खरंच लावला. पण तोंड उघडायच्या आत मामाजीच म्हणाले, "जवाईबुवा, कारंज्याचे पावने काय म्हनून राह्यले मालूम हाय? जवायाच्या तब्येतीसाठी तारीख बदलते, असं घर भेटाले नशीब लागते." आता यावर माणसानं काय बोलावं? मी "हो, तेही खरंच" म्हणालो आणि फोन ठेवला.

मग नागपूरच्या दवाखान्यात फोन करून विचारलं. सिस्टर म्हणाल्या, हा मंगळवार गेला तर थेट पुढचा मंगळवार, पण मागचा प्रकार बघता चुकवू नका, आणि धुळीत तर मुळीच जाऊ नका. मी त्यातलं 'पुढचा मंगळवार' तेवढं ऐकलं. रविवारी निदान रोडगे तरी खाऊ, असं ठरवलं.

रविवारी सकाळी मफलर गुंडाळून निघतो, तर दारात जीप. मामाजी, चालवायला मेव्हणा, मागे गादी, उशी आणि सासूबाईंनी दिलेला डबा.

"एकटे काऊन जाता जी नागपूरले? आमी मेलो काय?"

मी वंदनाकडे पाहिलं. मला वाटलं, ही वाचवेल. ती म्हणाली, "हो बाबा, घेऊनच जा. यायले एकट्याले सोडतच नका जाऊ." आणि आत जाऊन पाण्याची बाटली भरून आणली.

आमच्या सिंदी मेघेच्या घरापासून नागपूरपर्यंत मी गादीवर आडवा. खड्डा आला की मामाजी मेव्हण्याला शिव्या देत होते. दवाखान्यात आमच्या विभागाला हे भलंमोठं कुलूप, रविवार ना. "आत नातेवाइकांना सोडत नाहीत," असं सांगून मी एकटाच शिरलो आणि अपघात विभागासमोरच्या बाकावर जाऊन बसलो. शेजारी हाताला प्लास्टर घातलेला एक जण होता. "तुमाले काय झालं?" त्यानं विचारलं. "अजून काही नाही," मी म्हणालो. बराच वेळ काढला, औषधाच्या दुकानातून कापूस घेतला, दंडावर दाबला आणि जमेल तितका कण्हत बाहेर आलो.

"लय दुखलं काय?" मामाजींनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मी काय विचार करत होतो, सांगू? तिकडे रोडगे संपले असतील. इतका मी नालायक.

मंगळवारी समुद्रपूर. वेचणीचे दिवस, मामाजींच्या पुढच्या खोलीत कापसाचा ढीग पार छताला लागलेला, आणि मोठा जवाई म्हणून माझी मानाची खुर्ची नेमकी त्याच्याच शेजारी. उठतो म्हटलं की कोणीतरी परत बसवायचं. सभागृहात पोचेपर्यंत माझी छाती शिट्ट्या मारायला लागली होती. प्राची पाटावर बसली, भटजींनी धूप लावला आणि माझा श्वास अडकला. पंप ओढला. पुन्हा ओढला. काही नाही. वंदना धावत आली. मला वाटलं, संपलं आता.

मामाजी मुलीच्या साक्षगंधातून उठले. "परवा मी सोता नेऊन सुई देल्ली अन् दोन दिवसात उतरली? आज त्या डाक्टरले सोडतच नाई मी."

गावातल्या डॉक्टरांनी वाफ दिली आणि नागपूरला न्या म्हणाले. तीच जीप, तीच गादी. या वेळी कण्हणं खरं होतं. वाटेत वंदना एकदाच बोलली, "बाबा, डॉक्टरले काई बोलू नका."

"काऊन नाई बोलू?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला बोलायला श्वास नव्हता. असता तरी बोललो नसतो.

दवाखान्यात पुन्हा वाफ, औषधं. हळूहळू माझा श्वास जागेवर आला, तसे मामाजी सिस्टरांसमोर जाऊन उभे राहिले. "रविवारी देल्ली ते सुई नकली होती काय बाई?"

"काका, रविवारी आमच्याकडे कुलूप असतं," सिस्टर म्हणाल्या. "यांची सुई आज आहे. सकाळपासून वाट बघतोय. बरं झालं, तुम्ही वेळेवर घेऊन आलात."

मामाजी माझ्याकडे वळले. "मंग रविवारी एवढा वेळ आत काय करत होते जी?"

काहीतरी ठोकून द्यावं म्हणून तोंड उघडलं, पण त्या माणसाच्या कपाळावर साक्षगंधाचं कुंकू होतं. "बसलो होतो," मी म्हणालो.

त्यांनी मला चार लोकांत शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते सिस्टरांकडे वळून म्हणाले, "बाई, यायच्या सुईची तारीख आजपासून मले कळवत जा. माह्या नंबर लिवून घ्या."

तेव्हापासून दवाखान्याचा फोन थेट समुद्रपूरला जातो. सुई एकदाही चुकली नाही, तब्येत झकास आहे. आता त्यांच्या सात पिढ्यांतल्या भाऊबंदांत कुठलाही कार्यक्रम असला की लोक आधी मामाजींना विचारतात, जवाईबुवा कधी मोकळे आहेत? आणि मामाजी माझ्याआधी सांगून टाकतात. गेल्या आठवड्यात एका तेरवीत मी चार पंगती वरण वाढलं. ते वारलेले गृहस्थ कोण होते, हे मला अजून कळलेलं नाही.