रखवालीची प्लेलिस्ट

भैयाजी भित्रे होते, आणि ही काही गावापासून झाकलेली गोष्ट नव्हती. मोटरपंपाचं बटण ते वाळलेल्या काडीनं दाबत. एसटीत मागच्या सीटवर बसत नसत, कारण मागची चाकं निखळतात असं त्यांनी कुठंसं ऐकलं होतं. संत्र्याच्या बागेत शिरायचं तर आधी इंदुताई आणि मग भैयाजी, हा त्यांच्या संसाराचा पहिल्यापासूनचा क्रम. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. यांच्या पाठी ब्रह्मराक्षस नव्हता, रानडुकरं होती, आणि ती खरी होती.

नरखेड तालुक्यातलं त्यांचं गाव तसं लहान. घर गावाच्या टोकाला, पुढं नाला आणि नाल्यापलीकडं बाग. दिवसा वानरं यायची, अर्धं फळ खायची आणि उरलेलं माणसावर फेकायची. दिवस कलला की डुकरं. शेजारच्या गावात एकाची मांडी डुकरानं फाडली, ती बातमी आल्यापासून भैयाजींनी बागेत एकट्यानं पाऊल टाकलं नव्हतं. मग राखणीला जायचं कोणी? इंदुताई जात. हातात काठी आणि पत्र्याचा डबा घेऊन त्या अशा काही ओरडत, की नाल्याअलीकडच्या बायका हातातलं काम थांबवून बघत. भैयाजी घरापुढच्या छपरीत बसून कान तिकडं लावत. बायकोचा आवाज आला की त्यांचा जीव भांड्यात पडे. आवाज थांबला की घोटभर पाणीही गिळवत नसे.

अशा माणसाच्या हाती ते यंत्र आलं. त्यांची लेक मयुरा नागपुरात नंदनवनला राहते. जावई दुर्गेशरावांनी घरात नवीन काहीतरी घेतलं आणि जुना मीडिया प्लेअर रिकामा पडला. टीव्हीला जोडायचा काळा डबा. त्यात गाणी साठवायची, हवी तशी प्लेलिस्ट लावायची, माइक खुपसला तर आपला आवाजही भरून घ्यायचा. भैयाजींनी आधी त्याला बोटही लावलं नाही. पण रिमोटमध्ये करंट नसतो हे एकदा पटल्यावर दिवाळीला लेकीकडं पाहुणे म्हणून गेले तेव्हाचे चार दिवस ते त्याच्यासमोरून हलले नाहीत. आणि मग त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली.

"हे बागेत ठेवलं तं?" ते जावयांना म्हणाले. "मयुराच्या आईचा आवाज भरून ठेवू. भोंग्यावर वाजत राहीन. मंग तिले बी जायचं काम नाही."

आणि आपल्यालाही तिच्या पाठोपाठ जायचं काम नाही, हे ते बोलले नाहीत. सगळ्यांना समजलंच.

तेव्हा नंदनवनच्या त्या बैठकीच्या खोलीत इंदुताईंनी पदर खोचला. आधी त्या लाजल्या, माइककडं बघून हसल्या. मग एकदा घसा मोकळा केला आणि सुटल्या. "हो हो हो! कोण व्हय थो? ये कवडू, काठी आण गा!" कवडू म्हणजे त्यांच्या बागेत फवारणीला येणारा गडी, तो बिचारा तिकडं गावी. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ अनवाणी खाली धावत आले, त्यांना चहा पाजून परत पाठवावं लागलं.

"आता माह्यं नाव घे," भैयाजी म्हणाले. "घरच्या माणसाचं नाव आयकलं का जनावराले वाटते, माणूस खरंच हाय."

"तुमचं नाव? मराले टेकली तरी नाही घेणार."

सारं गाव त्यांना भैयाजी म्हणे. इंदुताई तेवढ्या 'आयकलं का' म्हणत, नाहीतर 'मयुराचे बाबा'. लग्नात एक उखाणा घेतला होता, तोही सासूनं दार अडवलं म्हणून. त्यांच्या घरात बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य घटतं म्हणत. त्यांनी भैयाजींकडं पाठ केली आणि वेगळंच काही ओरडल्या. "वाचवा! वाचवा वं माय, मेली मी!"

भैयाजी खुर्चीतून उठले. "हे पुसून टाका जावईबुवा. अशुभ बोलली ते."

"बाबा, हेच तर कामाचं आहे," दुर्गेशराव म्हणाले. त्यांनी ते आधीच साठवून ठेवलं होतं.

गावी परतल्यावर बागेतल्या कोठ्यात, जिथं पूर्वी बैल बांधत तिथं, तो काळा डबा बसला. मंडपवाल्याकडून जुना भोंगा आणून छपरावर बांधला. इंदुताईंच्या आवाजाच्या जोडीला कुत्र्याचं भुंकणं आणि पत्र्याचा डबा वाजवलेलाही भरून घेतला. पहिल्या दुपारी भोंग्यातून इंदुताई 'वाचवा' म्हणून ओरडल्या आणि अर्धं गाव धावत आलं. शेजारचा शालिकराम कुऱ्हाड घेऊन, कवडू पाठीवरचा फवारा तसाच घेऊन, बायका पदर सावरत. येऊन बघतात तर कोठ्यात भैयाजी रिमोट घेऊन बसलेले आणि इंदुताई त्यांच्या शेजारी शेंगा सोलताहेत. लोक पोट धरून हसले. शालिकरामला मात्र धाप लागली होती, तो बराच वेळ हसू शकला नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं-चौघं आले. तिसऱ्या दिवसापासून कोणी मान वळवून बघेना.

वानरंही शहाणीच. आठवडाभरात त्यांना क्रम पाठ झाला. कुत्रं भुंकलं की मग पत्र्याचा डबा वाजतो, मग ती बाई ओरडते, मग बराच वेळ काही नाही, हे त्यांना इतकं कळलं की त्या शांततेत ती निवांत संत्री सोलत बसू लागली. मग भैयाजी पेटले. रोज सकाळी इंदुताईंच्या सोबतीनं कोठ्यात जाऊन ते नवी प्लेलिस्ट लावू लागले. कधी कुत्रा दोनदा, कधी सुतळी बॉम्ब, कधी थाळी, कधी शालिकरामची खोकल्याची उबळ, जी त्यांनी त्याला न विचारता भरून घेतली होती. पुढं त्यांना शफलचं बटण सापडलं. ते दाबलं की मशीन आपल्या मर्जीनं काहीही वाजवी, पुढं काय येणार ते खुद्द भैयाजींनाही माहीत नसे. त्यांच्या आयुष्यात एवढी कर्तबगारी त्यांनी कधी गाजवली नव्हती. आजूबाजूचे बागवाले विचारायला येऊ लागले.

तरी एक काटा मनात रुतून होता. एकदा जेवताना ते म्हणाले, "थे वाचवा-वाचवा काढून टाकतो मी. लोकं आता येत नाहीत. उद्या खरंच कोनाले काही झालं तं?"

"वानरं त्याच आवाजाले भेतात," इंदुताई म्हणाल्या. "राहू द्या. तुमाले तं कढीच्या फोडणीचं बी भेव वाटते."

त्यांनी राहू दिलं. बागेची राखण घरात बसून होत होती, इंदुताईंच्याही पायाला आराम होता, आणि भीती वाटते म्हणून हातचं सुख सोडायचं तर भैयाजींना सगळंच सोडावं लागलं असतं.

कार्तिक उतरणीला लागला होता. उन्हं कलली होती, पण उजेड चांगला होता. शालिकराम छपरीत येऊन बसला होता आणि दोघं व्यापारी कधी येणार याचं बोलत होते. इंदुताई बाहेर पडताना म्हणाल्या, "आयकलं का, विहिरीजवळून सांभार तोडून आणतो. वांग्याच्या भाजीत टाकाले नाही हाय." विहिरीजवळच्या वाफ्यात त्यांची कोथिंबीर चांगली आली होती. भैयाजींनी मान हलवली.

थोड्या वेळानं बागेतून आवाज आला. "वाचवा! वाचवा वं माय!"

"वहिनीचा रेडिओ सुरू झाला," शालिकराम म्हणाला.

भैयाजी खूश झाले. "आज आवाज साफ येऊन राहिला. भोंग्याची तार बदलवली मी."

परत तोच आवाज आला. मग पुन्हा. भैयाजींच्या कपाळाला आठी पडली. "तेच तेच लावून राहिली मशीन. शफल बिघडलं वाटते."

"आवाज बी बारीक झाला," शालिकराम म्हणाला. "वारं उलटं असन."

"उद्या पाहतो," भैयाजी म्हणाले आणि सुपारी कातरायला घेतली.

आणि मग नाल्यापलीकडून, चिरकलेल्या आवाजात, हाक आली. "भैयाजी! ओ भैयाजी!"

त्यांच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. क्षणभर त्यांना कळेना की आपल्याला कोणी हाक मारली. गावातल्या कितीतरी तोंडून हे नाव त्यांनी ऐकलं होतं, पण या आवाजात कधीच नाही. त्यांनी भरून घेतलेला एकूण एक तुकडा त्यांना तोंडपाठ होता. त्यात हे नव्हतं.

"टेप हाय गा," शालिकराम म्हणाला.

भैयाजींना उठता येईना.  टेपच असू दे देवा, असं त्यांनी मनातल्या मनात म्हटलं, आणि ते म्हणत ते किती वेळ बसून राहिले हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नाही. तेवढ्यात दुसरी हाक आली, पहिलीपेक्षा बारीक. मग त्यांचे पाय आपोआप उठले. चपला छपरीतच राहिल्या.

नाल्यातून ते जीव मुठीत धरून धावले. सारं आयुष्य ज्याला भ्यायलो ते आता समोर आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी पाय थांबले नाहीत, कारण थांबले असते तर ते तिथंच नाल्यात बसले असते आणि उठले नसते.

विहिरीजवळ इंदुताई पाण्याच्या हौदाला पाठ लावून अर्ध्या बसल्या होत्या, अर्ध्या आडव्या. लुगडं मांडीपासून खाली लाल. मूठभर सांभार अजून हातात होता. आणि समोर, दोन झाडांच्या मध्ये, ते उभं होतं. काळंकरडं, मानेवरचे केस ताठ, सुळ्यांना माती लागलेली. मागं गवतात डुकरिणीची पिलं कुरकुरत होती.

त्याच वेळी छपरावरच्या भोंग्यातून धडधाकट इंदुताई ओरडल्या, "हो हो हो! कोण व्हय थो?" डुकरिणीनं कानसुद्धा हलवला नाही. मग कुत्रं भुंकलं, डबा वाजला. तिला सगळं पाठ होतं.

त्या बागेत डुकरांनी आजवर न ऐकलेला एकच आवाज उरला होता. भैयाजींनी स्वतःचा आवाज कधी भरला नव्हता. भरतो म्हटलं की तो कापरा यायचा आणि लोक हसतील असं वाटायचं. आता त्यांनी तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते शब्द नव्हते, शिवी नव्हती, रडणं होतं की ओरडणं तेही सांगता येत नाही. डुकरीण दचकली. एक पाऊल पुढं आली. भैयाजी डोळे मिटून आणखी ओरडले, कारण दुसरं काही त्यांना करता येत नव्हतं. डोळे उघडले तेव्हा गवत हलत होतं आणि मागून शालिकराम कुऱ्हाड घेऊन येत होता.

नरखेडला पट्टी बांधली आणि तिथून गाडीनं थेट नागपूर. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात इंदुताईंच्या मांडीला टाके पडले, रक्त चढवलं. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिनी थोडक्यात वाचली, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. 'उशीर' हा शब्द ऐकून भैयाजी भिंतीला टेकले. तो उशीर ते सुपारी कातरत बसले होते त्याचा होता, हे तिथं त्यांच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

सकाळी शालिकरामचा फोन आला. "भैयाजी, थे मशीन बंद कशी करतेत? कालपासून ओरडून राहिली. बागेत जायची कोणाची हिंमत नाही होऊन राहिली, आन् आवाज आला का बायका रडतेत." भैयाजींनी कोठ्यातल्या बोर्डाचं बटण सांगितलं. मग तो म्हणाला, "मीबी आयकून राहिलो होतो गा. तुह्यासंगं बसून."

दुपारी इंदुताईंना नीट जाग आली. मयुरा चहा आणायला खाली गेली होती. भैयाजी खुर्ची ओढून जवळ बसले. त्यांना वाटलं होतं, डुकरिणीपुढं उभं राहिलो, आता कशाची भीती वाटायची नाही. पण बायकोनं त्यांच्याकडं बघितलं आणि त्यांना घाम फुटला.

"लय वेळ ओरडत होती मी," त्या म्हणाल्या. "तुमाले आयकू नव्हतं येत का?"

नाही म्हणणं सोपं होतं. वारं उलटं होतं म्हणता आलं असतं.

"येत होतं," ते म्हणाले. "मले वाटलं मशीन हाय."

इंदुताईंनी नजर छताकडं वळवली. 

"मले बी वाटलं, तुमाले थेच वाटत असन," त्या म्हणाल्या. "मंग म्हटलं, मशीनमंधी तुमचं नाव नाही."

भैयाजींना तिथंच रडू आलं. त्यांनी तिचा हात धरला आणि तोंड पलंगाच्या चादरीत घातलं. इंदुताईंनी दुसऱ्या हातानं त्यांच्या डोक्यावर थोपटलं, आणि मयुरा येताना दिसली तेव्हा म्हणाल्या, "उठा आता. पोरगी पाहीन."

इंदुताई आता थोड्या लंगडत चालतात. बागेत जाताना भैयाजी पुढं असतात आणि त्या मागं. भीती त्यांची गेलेली नाही, क्रम तेवढा बदलला. भोंगा उतरवला. मशीन नंदनवनला परत गेली, तिच्यावर आता नातवंडं गाणी म्हणतात. इंदुताईंनी पुन्हा कधी त्यांचं नाव घेतलं नाही. पण गाव अजून त्यांना भैयाजीच म्हणतं, आणि मागून कोणी तशी हाक मारली की हाक मारणाऱ्याकडं वळायच्या आधी ते बागेकडं बघतात.