ट्रॅक्टरचा खांदा

ट्रॅक्टर घ्यायला निघालेला माणूस इंजिन बघतो, टायर बघतो, हायड्रॉलिक किती वजन उचलतं ते विचारतो. माझे बाबा नुसते सीटवर चढायचे, डावा पाय एकदा दाबायचे आणि खाली उतरून भलतीच खोड काढायचे. "याचं नाक मोठं हाये." "सीट कडक हाये." एकदा तर "याचा रंग डोळ्यात जाते" म्हणाले. मी चिडायचे. कन्हानच्या शाळेतली माझी रजा काही ट्रॅक्टरच्या रंगासाठी नव्हती.

कळमन्याकडच्या रस्त्यावरच्या एका दुकानात सेल्समन तावातावानं हॉर्सपॉवर समजावत असताना माझं लक्ष बाबांच्या पायाकडे गेलं आणि माझा राग जागच्या जागी विरला. ते क्लच दाबून बघत होते. बाकी काहीच बघत नव्हते.

आदल्या वर्षी त्यांना लकव्याचा हलका झटका येऊन गेला होता. डाव्या बाजूला. बोलणं परत आलं, हातही आला. पाय मात्र पावसाळ्यातल्या दारासारखा झाला. लागायचा, पण जरा जोर करावा लागायचा. ट्रॅक्टर चालवा असं डॉक्टर म्हणाले नाहीत, चालवू नका असंही म्हणाले नाहीत. बाबांनी मात्र एकदा जेवताना ताटाकडे बघत सांगून टाकलं होतं, "माह्यानं ट्रॅक्टर होत नसंन, तं बाग ठेक्यानं देऊन टाकू."

बाग म्हणजे कन्हानपलीकडची आमची संत्र्याची बाग. ती दुसऱ्याच्या हाती गेली असती तरी झाडं जगली असती. बाबा जगले नसते. हे मी वाढवून सांगत नाही. आजारपणात खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले बाबा मी पाहिले होते आणि ते मला परत पाहायचे नव्हते.

यंत्राची अडचणही साधी नव्हती. संत्र्याची खाऊ मुळं, म्हणजे झाडाला अन्न पुरवणारी बारीक मुळं, मातीत अगदी वरवर असतात. आम्ही वर्षानुवर्षं जुन्या ट्रॅक्टरनं माती खणणारा रोटाव्हेटर फिरवून तण काढत आलो आणि तणाबरोबर मुळंही तोडत आलो. झाडांचे शेंडे वाळायला लागले तेव्हा अक्कल आली. आता गवत उपटायचं नाही, कापायचं आणि तिथंच पडू द्यायचं, असं ठरलं. त्यासाठी ट्रॅक्टरमागे जोडायचं गवत कापायचं मशीन हवं होतं, आणि फांद्यांखालून जाईल असा बुटका, अरुंद ट्रॅक्टर. शेणखत पाटीनं वाहायला आता माणसं मिळत नाहीत, म्हणून पुढे खत उचलून टाकणारा लोडरही हवा होता. बाग म्हणते हलका घ्या, लोडर म्हणतो भारी घ्या.

"ताई, मोठाच घ्या," प्रत्येक दुकानात हेच. "लोडर मस्त चालते त्याच्यावर."

"लोडर चालते, अन् वजनानं दबून काळ्या मातीचा ओटा होते," मी म्हणायचे. "झाडं काय तुमच्या दुकानात लावू?"

शेवटी एक सापडला. बुटका, अरुंद, पुढे छोटी बकेट. बाबा चढले. पाय एकदा दाबला. मग परत दाबला. मग उगाच थोडा वेळ बसून राहिले आणि म्हणाले, "याले वावरात पाह्यलं पायजे." माझे डोळे भरून आले, म्हणून मी तोंड फिरवून टायरकडे बघत बसले. सेल्समनला वाटलं मला टायर पसंत नाहीत. तो टायरची तारीफ करायला लागला.

डेमोसाठी ट्रॅक्टर आमच्या आवारात आला तो नेमका पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. त्या संध्याकाळी आमच्याकडे खांदमळणी असते. जू घासून घासून बैलाचा जो खांदा दुखतो, त्याला तूप-हळद चोळायची आणि म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." घरचे बैल केव्हाच गेले, पण आईनं रीत सोडली नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या मागच्या हुकाला ती तूप-हळद लावायची, कारण ओढायचा भार तिथं येतो. त्या दिवशीही ती वाटी घेऊन पाहुण्या ट्रॅक्टरकडे गेली. "विकत घेतला नाई अजून, अन् तुझं आवतन सुरू," मी घरातून ओरडले. तिनं माझ्याकडे लक्ष दिलं नाही. माझ्याकडे लक्ष न देण्याचा तिला चांगला सराव आहे.

पोळ्याच्या दिवशी सेल्समनचा फोन आला, आजच डेमो उरकू का म्हणून. बाबा म्हणाले, "आज त्याचं जेवण हाये गा, काम नाई."

म्हणून डेमो झाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या सकाळी. सेल्समन घाईतच आला. शहरात मारबतीची मिरवणूक निघाली की रस्ते बंद होतात, त्याच्या आत त्याला परत जायचं होतं. "काकाजी, पहिले मी चालवून दाखवतो," तो म्हणाला.

"मी चालवतो, तू पाह्य," बाबा म्हणाले, आणि चढले.

आधी गवत. पाय गमबुटात, कारण गवतात साप असतात. मी बांधावर उभी राहून त्यांचा डावा गुडघा वर-खाली होताना बघत होते आणि प्रत्येक वळणाला माझाही डावा पाय जमीन दाबत होता. पण बाबांनी झाडांच्या दोन ओळींमधून मशीन सरळ नेलं. फांद्यांनी बॉनेटला हात लावला नाही. मागे कापलेलं गवत हिरव्या सतरंजीसारखं पडत गेलं. सेल्समन घड्याळ बघायचा थांबला.

मग लोडर. बाबांनी गमबूट काढून फेकले. "हे बारीक काम हाये, पायाले समजलं पायजे," म्हणाले. ढिगातलं शेणखत बकेटमध्ये भरलं, बकेट उचलली आणि ओळीच्या टोकाच्या झाडाकडे निघाले. मी त्या झाडापाशी उभी राहून हातानं खुणा करत होते. या, या, अजून थोडं, बस.

ते थांबले. पूर्ण थांबलेच होते. मी हात खाली घेतला आणि त्याच क्षणी ट्रॅक्टरनं उडी मारली.

मी कशी बाजूला पडले ते मला आजही सांगता येत नाही. बकेट झाडाच्या खोडात शिरली, हिरवी संत्री टपटप खाली पडली आणि इंजिन बंद झालं. मग इतकं शांत झालं की दूरच्या रस्त्यावरचे ट्रक ऐकू यायला लागले.

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते आपल्या डाव्या पायाकडे बघत होते.

"पाय गेला," ते म्हणाले.

मी उठून मातीनं भरलेले हात झटकत सेल्समनवर धावून गेले. मशीन बेकार आहे, क्लच बेकार आहे, तुम्ही लोक जीव घ्याल कोणाचा, तोंडाला येईल ते बोलले. तो बिचारा "ताई, मशीनमध्ये काही नाही हो" एवढंच म्हणत राहिला. ते खरं होतं, आणि मला तेच नको होतं. मशीनमध्ये काही नसेल, तर जे काही होतं ते बाबांमध्ये होतं.

बाबा उतरले आणि लंगडत जाऊन झाडाखाली बसले. सकाळी ते लंगडत नव्हते. "घेऊन जाय गा हे," ते सेल्समनला म्हणाले. मग मला, "ठेकेदाराले फोन लाव."

"बाबा, एक डाव अजून..."

"लाव म्हनलं न!"

मी फोन काढला. नंबर शोधत होते आणि तो सापडू नये असं वाटत होतं.

आई पाण्याचा लोटा घेऊन धावत आली. आधी तिनं मला चाचपलं, डोक्यापासून कोपरापर्यंत. मग बाबांच्या पुढ्यात बसली आणि त्यांच्या पायावर पाणी ओतायला पाय उचलून धरला. डावा. तळवा पिवळाधम्मक होता.

ती तशीच थांबली. मग लोटा खाली ठेवला. "फोन ठेव वं," ती मला म्हणाली. आणि बाबांना, "तुमचा पाय नाई गेला. हे माह्यं काम हाये."

मला काही कळेना. मी ट्रॅक्टरपाशी जाऊन क्लचच्या पॅडलवरून बोट फिरवलं. तूप. हळद. वरचं गमबुटानं पुसलं गेलं होतं, कडांना आणि खाचांत अजून थर होता.

"क्लचले तूप लावलं? कोनी लावते का असं, आई!"

"बैलाचं जू जिथं बसते तिथं लावा लागते," ती म्हणाली. तिची नजर खाली नव्हती. "याचं जू यायच्या पायावर बसते. मंग मी तिथंच लावलं."

बाबांनी तळव्यावर बोट फिरवून नाकाशी नेलं. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. "पोरगी मेली असती," ते हळू म्हणाले.

"हो," आई म्हणाली.

मग ती उठली. चुलीतली राख आणून पॅडल घासघासून कोरडं केलं आणि पदरानं पुसलं. आणि सरळ जाऊन त्याच झाडापाशी उभी राहिली, जिथं मी उभी होते.

"तिथून सरक," बाबा म्हणाले.

"नाई सरकत."

"मंग मी बसत नाई ट्रॅक्टरवर."

"मंग बोलवा ठेकेदाराले." तिनं हाताची घडी घातली. "तुमचा पाय चांगला हाये. रोज रात्री मीच दाबून राहिली न तो. मले मालूम नाई तं कोनाले मालूम?"

मी तिचा हात धरून ओढायला गेले. तिनं तो झटकला. सेल्समन म्हणाला, "काकू, हे बरोबर नाही." त्याचं बरोबर होतं. त्या सकाळी शहाण्यासारखं बोलणारा तो एकटाच होता आणि त्याचं कोणी ऐकलं नाही.

बाबा चढले. तळवा खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसला. क्लच दाबला, सोडला, दाबला, सोडला. मग ट्रॅक्टर मागे घेतला, ढिगातून बकेट भरली आणि ओळीनं आईच्या दिशेनं आणायला लागले. मी देवाचं नाव घेत नाही सहसा. तेव्हा घेतलं. बाबांचा जबडा आवळलेला होता. आई पापणी हलवत नव्हती. बकेट इतकी जवळ आली की शेणखताची वाफ तिच्या साडीपर्यंत पोचली असावी. गुडघा खाली गेला. ट्रॅक्टर थांबला. गुडघा खालीच राहिला. मग बकेट सावकाश वाकली आणि खत आईच्या पायांपुढे पडलं.

त्यानंतर आई मटकन त्या खतातच खाली बसली.

"काहून बसली वं?" बाबांनी वरून विचारलं.

"पाय गेले," ती म्हणाली आणि रडायला लागली. मग मीही रडले. बाबा मात्र इंजिन बंद करून कितीतरी वेळ तसेच बसून होते, डावा पाय अजून पॅडलवर दाबलेला.

ट्रॅक्टर आम्ही घेतला. खोडावरची खूण अजून आहे, पण झाड तगलं.

यंदा खांदमळणीच्या संध्याकाळी आई वाटी घेऊन बाहेर आली, तेव्हा बाबा अंगणात खाटेवर बसले होते. ती ट्रॅक्टरकडे वळणार तेवढ्यात त्यांनी डावा पाय पुढे केला. "तिकडं नको. इथं लाव."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग ती खाली बसली आणि त्यांच्या घोट्यापासून तळव्यापर्यंत तूप-हळद चोळली, बैलाचा खांदा चोळावा तशीच, जोर लावून. "आज आवतन घ्या," ती म्हणाली, "उद्या जेवाले या."

"उद्या काम नाई न मंग?" बाबांनी विचारलं.

"उद्या नाई," आई म्हणाली. "परवा."