हूक-अस्तराचे वेगळे

माझं अक्षर मुंग्या चालल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून नीट कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे मापं लिहिण्यापुरतंच पेन हाती धरलं. ही वही कोणासाठी नाही, पण चुकून कोणाच्या हाती पडली तर एवढं पोटात घालावं.

घाटंजीजवळच्या एका गावात मी ब्लाउज शिवते. माणसांशी बोलणं मला जड जातं. माप घेताना बाईच्या पाठीमागे उभं राहता येतं, म्हणून हे काम मला जमलं. भाव सांगायची वेळ आली की मात्र माझं तोंड कोरडं पडतं.

तीन वर्षांपूर्वी मी मोटरची मशीन घेतली. दुकानाबाहेर पाटीवर साडेसहा हजार लिहिलं होतं. सात हजार रुमालात बांधून मी आणि मुलगी बाजाराच्या दिवशी गेलो. दुकानदाराने बसायला खुर्ची दिली, चहा पाजला, मशीन चालवून दाखवली. मग बिल करताना म्हणाला, "पाटीवरचा भाव मशीनचा. टेबल-स्टँड वेगळं. फिटिंग वेगळी. गाडीभाडं तुमच्याकडं."

सगळं मिळून नऊ हजार दोनशे झाले. मुलगी माझ्याकडे पाहत होती. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. उठून यायला हवं होतं. पण चहा पिऊन झाला होता, मशीन खोक्यात भरून झाली होती. मुलीच्या फीसाठी घरी ठेवलेले पैसे मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिले. दुकानदाराने आधीच सांगितलं असतं तर मी पायरीवरूनच परत फिरले असते. त्याने शेवटी सांगितलं, आणि शेवटी माणसाला लाज वाटते. हे त्याला ठाऊक होतं.

त्या दिवशी मी ते शिकले. हे लिहिताना हात अडतो आहे, पण शिकले हे खरं.

पुढच्या वर्षी अस्तराचा भाव वाढला, हुकाचा वाढला. दीडशेत परवडेना. एकशे ऐंशी म्हणायला पाहिजे होतं. पण तसं म्हटलं की बाई म्हणणार, "एवढे?" आणि मग मला बोलावं लागणार. म्हणून कापड घेताना मी दीडशेच सांगत राहिले. ब्लाउज न्यायला आली की खाली मान घालून म्हणायचं, "हूक-अस्तराचे चाळीस वेगळे." दुसऱ्या दिवशी कार्यक्रम असतो, ब्लाउज शिवून तयार असतो. कोणी भांडत नव्हतं. तोंड वाकडं करून देऊन जात होत्या. त्या चाळिसातले तीस खर्चाचे होते, दहा मी उगाच वर लावले होते.

वर्षभर असं चाललं. मग पलीकडच्या वस्तीवरची एक मावशी लग्नाचे ब्लाउज घेऊन आली. ती लोकांच्या शेतात वेचणीला, निंदणाला जाते. चार ब्लाउज लेकीचे आणि एक तिचा स्वतःचा. "पोरीच्या लग्नात तरी नवं घालतो," म्हणाली आणि स्वतःच हसली. मी दीडशे सांगितले. तिने बोटांवर पाचदा मोजलं.

न्यायला आली तेव्हा माझ्याकडे दोन बायका बसल्या होत्या. तिने सातशे पन्नास काढून माझ्या पुढ्यात ठेवले.

मी म्हटलं, "मावशी, हूक-अस्तराचे वेगळे. साडेनऊशे होतात."

"आँ?" ती थांबली. "मंग हे आंधी काहून नाई सांगतलं बाई? मी तेवढे आनले असते. कुठून तरी आनलेच असते."

बसलेल्यांपैकी एक म्हणाली, "आमी बी देतोच नं वो. सगळ्यायलेच घेते ते."

तिला सोडले तर या दोघींनाही सोडावे लागतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मावशीने लेकीचे चार वेगळे काढले. चाराचे सातशे साठ होत होते. ऑटोसाठी ठेवलेल्या वीस रुपयांतले दहा तिने त्यात घातले. आपला ब्लाउज घडी करून मशीनवर ठेवला आणि म्हणाली, "हे राहू द्या. पाहू मंग." ती गेल्यावर मी दारात येऊन पाहिलं. ती ऑटोकडे न वळता पायवाटेने चालत निघाली होती.

आमच्याकडे नवरीचा ब्लाउज जिने शिवला तिला लग्नात बोलावतात आणि तिची ओटी भरतात. मावशीचं बोलावणं आलं. तिचा ब्लाउज पिशवीत घालून मी गेले. तिला बाजूला घेऊन द्यायचा, असं ठरवलं होतं.

मावशीच्या अंगावर नवी हिरवी साडी होती आणि आत जुना, काखेत विटलेला तपकिरी ब्लाउज. बायकांच्या घोळक्यात एक जण म्हणाली, "काहो, नवरीची माय नं जुनंच ब्लाउज? का शिवनारीनं अडवून ठेवलं?"

मी चार हातांवर उभी होते. मावशीने मला पाहिलं होतं.

"कायले अडवते ते बिचारी?" मावशी म्हणाली. "नवं मलेच काचते. जुन्यात मोकळं वाटते."

मग तिने मला पाटावर बसवलं, तांदूळ, नारळ आणि ब्लाउजपीस घालून ओटी भरली. पिशवी माझ्या मांडीवर होती. एवढ्या बायकांसमोर ती उघडायचं धाडस मला झालं नाही. ब्लाउज तसाच घरी आणला.

दुसऱ्या दिवशी मुलीला सगळं सांगितलं. ती बारावी झाली आहे. ती म्हणाली, "आई, असे मागून लावलेले पैसे सरकारनं बंदच करायले पाह्यजे. पाटीवर जो भाव, तोच शेवटचा."

मलाही तसंच वाटतं. भाव वाढवायला कोणी मनाई करू नये, माझाही वाढलाच होता. पण तो आधी सांगावा लागेल असा कायदा असावा, कारण माझ्यासारख्या माणसाला शेवटी नाही म्हणता येत नाही. असा कायदा पाळला गेला असता तर त्या दुकानात मी फसले नसते. पण माझ्या ओसरीवर कोणता साहेब तपासायला येणार होता? आणि मी फसले म्हणून मावशीला फसवायचा हक्क मला कोणी दिला होता?

मी पुठ्ठ्यावर लिहून दाराला लावलं : ब्लाउज, अस्तर हूक धरून, १८०. तीन बायका दुसरीकडे गेल्या. मग घेतलेले पैसे परत करायचे म्हणून मापांची वही काढली. चाळीस घेतले की मी कोपऱ्यात फुली मारत होते. मावशीला सोडून तेहतीस बायका निघाल्या आणि ब्याऐंशी ब्लाउज. तीन हजार दोनशे ऐंशी रुपये.

मुलगी म्हणाली, "अस्तर तर तू खरंच लावलं नं? मंग वरचे दहाच दे."

"लावलं. पण सांगितलं नव्हतं."

शिलाई येईल तसे मी घरोघरी जाऊन देत गेले. दारात उभं राहून बोलणं मला फाशीसारखं होतं. एक म्हणाली, "हे कोनती नवी योजना वो सरकारची?" दुसरीने नोट उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "याच्यावर व्याज नाई का काही?" एकीने दार लावता लावता म्हटलं, "मले माहीतच होतं तू घेऊन राह्यली ते." ते सगळ्यात खरं होतं.

मावशीचा हिशोब केला तेव्हा मी वही मिटून बसले. पाच ब्लाउजांचे सांगितलेले साडेसातशे तिने त्याच दिवशी दिले होते. वर दहा जास्तच. म्हणजे तिचा पूर्ण फेडलेला ब्लाउज मी घरात टांगून ठेवला होता. सगळ्यात आधी तिच्याकडे जायला हवं होतं. मी तिला सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण तिने माझ्यासाठी खोटं सांगितलं होतं.

कापूस फुटल्यावर गेले. ती वेचणीत होती, कमरेचं फडकं फुगलेलं. मला पाहून शेताच्या कडेला, धुऱ्यावर आली. मी ब्लाउज दिला आणि म्हटलं, "मावशी, हे तुमचंच आहे. पैसे तुम्ही तेव्हाच दिले होते. मीच खोटं बोलले."

तिने ब्लाउज उलटा करून अस्तर पाहिलं. "शिलाई तर चांगली हाये," म्हणाली. "पन त्या दिवशी मले लय वाईट वाटलं बाई. पैशाचं नाई. त्या दोघींच्या पुढं मोजायले लावलं तुमी मले."

मी मान खाली घातली. माफी मागायची होती, ती नीट ओठांवर आली नाही. दहा रुपये पुढे केले. कापसाच्या बोंडांनी तिची बोटं फाटलेली होती. तिने नोट घेतली, कनवटीला खोचली आणि पुन्हा ओळीत जाऊन वेचायला लागली. सगळ्यांचे पैसे फिटले.