मुलीकडचे परचुरे

नारायण पेठेतल्या श्रीनिवास परचुऱ्यांना स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. वधूवर सूचक केंद्र चालवणाऱ्या माणसाने निदान खुर्चीला पाठ लावावी, तर तेही नाही. येरझारा घालता घालताच ते स्थळं सांगत. हिंजवडीत कंपन्या आल्यापासून या येरझारा वाढल्या होत्या, कारण प्रत्येक मुलीच्या बापाला अमेरिकेला जाणारा, पण आईवडिलांपाशी राहणारा जावई हवा होता. "असा मुलगा विमानात बसलेला असेल, विमानतळावर चौकशी करा," परचुरे सांगत. एक नियम मात्र ते सगळ्यांना बजावत. मुलीकडच्यांनी उत्तरासाठी फोन करायचा नाही. घाई दिसते.

अशा माणसाला एका संस्थेने एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या वधूवर मेळाव्यात माईकवर बोलावलं. लोकांनी यावं, बघावं, त्यांच्या मनातली भीती जावी, म्हणून कार्यक्रम सर्वांना खुला होता. परचुरे आठवडाभर घरात फेऱ्या मारत राहिले.

"अहो, घाबरलात की काय?" त्यांच्या पत्नी वासंतीबाईंनी विचारलं. "शेजारी बसून काही होत नाही, टीव्हीवर रोज सांगतात."

"ते कळतं मला. तिथे विचारायचं काय, ते कळत नाही. गोत्र विचारू?"

"मग गप्प बसा."

"बसणंच तर जमत नाही."

मेळाव्यात आधी डॉक्टर बोलले. औषधं नियमित घेतली तर संसार नीट होतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग परचुऱ्यांनी माईक घेतला आणि सवयीने तोंडून निघून गेलं, "मुलाकडचे उजवीकडे, मुलीकडचे डावीकडे. मध्ये घोटाळू नका."

कुणी हललं नाही. माईक बंद पडला असं वाटून परचुऱ्यांनी त्यावर टिचकी मारली. माईक चालू होता. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. कुणाकडचे कुणी आलेलेच नव्हते. जो तो एकटा आला होता.

चहाच्या वेळी नंदा त्यांच्याजवळ आली. हिंजवडीत एका कंपनीच्या कँटीनमध्ये ती पोळ्या करायची.

"काका, नवरा गेल्यापासून माहेरचं दार बंद हाय मला. ते उत्तरेश्वर, भोसरीत कारखान्यात असतात, बरे वाटले. पण गोळ्या घेतात का, पितात का, हे मी कसं विचारू? बाप असता तर त्यानं विचारलं असतं. तुम्ही बसता का माझ्याकडून?"

परचुरे बसले. सोबत आलेल्या वासंतीबाई ते बघायला मागच्या रांगेत उभ्या राहिल्या.

"गोळ्या?" परचुऱ्यांनी सुरुवात केली.

"रोज. मोबाईलमधे गजर लावलाय," उत्तरेश्वर म्हणाला.

"दारू?"

"सोडली."

"कधी? काल?"

"आजार कळला त्या वर्षी."

"स्वयंपाक?"

"वांग्याची भाजी येते."

"आणखी?"

"वांग्याचीच."

नंदाने पदर तोंडाला लावला. उत्तरेश्वरने कप खाली ठेवला. "मी पण एक विचारतो काका. या हॉलच्या बाहेर तुम्ही मुलीकडचेच राहणार का? माझ्या सख्ख्या भावानं माझं ताट वेगळं केलंय."

परचुऱ्यांना डोळ्यांपुढे आपली पेठ दिसली, आपली गिऱ्हाइकं दिसली. ते एकदा उठले, पुन्हा बसले.

"लग्नपत्रिकेवर खाली मुलीकडून माझं नाव घाला. फक्त छापायच्या आधी मला दाखवा, छापखान्याच्या शुद्धलेखनाची मला खात्री नाही."

"विचार करून रविवारी कळवतो," उत्तरेश्वर म्हणाला.

रविवारी परचुरे फोनभोवती फिरत होते. दुपारी एका इंजिनिअरच्या वडिलांचा फोन आला. "लाईन अडवू नका, आमच्याकडे मुलीचं बघतायत," म्हणून त्यांनी तो ठेवून दिला. संध्याकाळी नंदाचा आला. "काका, काही कळलं का?"

"कळेल. भांडी घासा, वेळ जाईल."

फोन ठेवून त्यांनी चपला घातल्या.

"कुठे निघालात?" वासंतीबाईंनी विचारलं.

"भोसरीला."

"मुलीकडच्यांनी घाई दाखवायची नसते ना?"

"फोन करायचा नसतो," परचुरे जिना उतरत म्हणाले. "जाऊन बसायला काय हरकत आहे?"