स्पिरिटबाई आणि हातोडी

हॉस्पिटलात त्यांना तोंडावर सगळे 'सिस्टर' म्हणत आणि पाठ वळली की 'स्पिरिटबाई'. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. ऑपरेशन थिएटरच्या स्वच्छतेची सगळी जबाबदारी त्यांची. भलेभले सर्जन त्यांच्यापुढे शाळकरी पोरांसारखे हात पसरून नखं दाखवत उभे राहत. थिएटरच्या हवेची ठराविक दिवसांनी तपासणी व्हायची. तिच्यात एखाद-दुसरा नको तो जंतू जरी सापडला तरी बाई दाराला कुलूप ठोकून मोकळ्या. मग वर कोण किती आरडाओरडा करतंय याचं त्यांना सोयरसुतक नसे. निवृत्तीच्या दिवशी कुणीतरी भाषणात म्हणालं, "बाई होत्या तोवर जंतूंनी इकडे फिरकायची हिंमत केली नाही." सगळे हसले. बाईही हसल्या, आणि घरी आल्यावर त्यांनी मिळालेला पुष्पगुच्छ बाल्कनीतच ठेवला. फुलांत किडे असतात.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दाराबाहेर एक पायपुसणं, दाराच्या आत दुसरं. लग्न केलं नाही. बहीण गेल्यावर तिचा मुलगा शाळकरी वयात त्यांच्याकडे आला आणि त्यांनी त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. खोटं कशाला बोला, जपलंच. पण त्या घरात पोराला शिंकायची चोरी होती. त्याचे मित्र एकदाच आले. बाईंनी त्यांना पाय धुवायला लावले, कोरडे करायला लावले आणि मग सोफ्यावर चादर अंथरून बसवलं. मित्र पुन्हा आले नाहीत. भाचा हुशार होता. पाणी प्यायला की पेला विसळून, पुसून पालथा घालायचा, अंघोळ झाली की मोरी कोरडी करायचा. आपण इथे राहतो याची खूण कुठेही मागे राहू नये, अशा बेताने राहायला तो फार लवकर शिकला. बाईंना वाटायचं, किती शहाणं पोर आहे!

त्या शहाण्या पोराने उभ्या जन्मात एकच हट्ट केला. कॉलेजात असताना शिकवण्या घेऊन त्याने खाऱ्या पाण्याचा टँक आणला. साधे लाल-सोनेरी मासे नव्हेत. समुद्रातले दगड, दोन नारिंगी मासे, आणि कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ. त्यातलं एक त्याचं जीव की प्राण. अंगठ्याएवढा तुकडा आणलेला, तो वाढून दोन ओंजळींएवढा झाला. त्याच्या मांसल बोटांची टोकं हातोडीसारखी, म्हणून भाचा त्याला हातोडीच म्हणायचा. खारं पाणी सांडायचं, भिंतीवर मिठाचे पापुद्रे धरायचे. बाई नाक मुरडत पुसायच्या, पण टँक काढून टाक असं कधी म्हणाल्या नाहीत.

मग भाच्याला लांब नोकरी लागली. तिकडे मिळाली एक चिंचोळी खोली.

"मोठं घर मिळालं की टँक नेईन," तो म्हणाला. "तोवर सांभाळशील, मावशी?"

बाईंनी हो म्हटलं, आणि तिथून दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायला लागला. फोन टँकसाठी असतो, हे न कळायला बाई काही खुळ्या नव्हत्या. पण येतो ना, बस!

टँकखालच्या कपाटात एक पारदर्शक नळकांडं होतं. भाचा त्याला रिअ‍ॅक्टर म्हणायचा. त्यात मिरीएवढ्या पांढऱ्या गोळ्या, बायोपेलेट, एका विशिष्ट प्लॅस्टिकच्या. पंप खालून पाणी ढकलायचा आणि गोळ्या दिवसरात्र उकळी आल्यासारख्या वरखाली फिरायच्या. माशांच्या विष्ठेमुळे आणि उरल्यासुरल्या खाण्यामुळे पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट साठतं. या गोळ्यांवर जंतू पोसले जातात, ते गोळी खातात आणि तिच्याबरोबर पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेटही फस्त करतात. मग जंतू वाहत जातात शेजारच्या फेस काढणाऱ्या यंत्रात, आणि काळपट फेसाबरोबर बाहेर पडतात. भाच्याने हे समजावलं तेव्हा बाईंनी कपाळाला हात लावला होता. जन्मभर ज्यांच्या जिवावर उठल्या, त्यांनाच आता चारा घालायचा!

पण जंतूंकडूनही शिस्तीत काम करून घेता येतं, हे त्यांना हळूहळू आवडायला लागलं. दर रविवारी फोनच्या आधी त्या छोट्या बाटलीत टँकचं पाणी घेत, औषधाचे थेंब टाकत आणि रंग बघत. जितकं गुलाबी, तितकं नायट्रेट जास्त.

"किती आलं?" भाचा विचारायचा.

"पाच."

"मस्त! पाच म्हणजे एकदम छान."

पाच म्हणजे छान? बाईंना ते पटेना. थिएटरमध्ये पाच आलं असतं तर त्यांनी सगळ्यांना धारेवर धरलं असतं. भाच्याने जाताना गोळ्यांची एक जादा पिशवी ठेवली होती. लागल्याच तर मूठभर टाकायच्या, आणि पुढची मूठ टाकण्याआधी काही आठवडे वाट बघायची, असं बजावलं होतं. बाईंनी मूठ टाकली. आठवड्याने दुसरी टाकली. मग तिसरी. पोर न्यायला येईल तेव्हा त्याला शून्य दाखवायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. फोनवर मात्र त्या एवढंच म्हणत, "पाचच्या खाली." खोटं नव्हतं ते.

"वा! चल मग, ठेवतो."

पूर्वी तो खोदून खोदून विचारायचा, मासे खातात का, पंप घरघर करतो का, हातोडी किती फुलली. आता विचारायला काही उरलं नाही. एके रविवारी बाटलीतलं पाणी नळाच्या पाण्यासारखं नितळ राहिलं. शून्य. बाईंना अगदी निवृत्तीचं भाषण पुन्हा ऐकल्यासारखं वाटलं. त्या दिवशी फोन इतक्या लवकर संपला की त्यांनी पुढ्यात घेतलेला चहा अजून वाफाळत होता. त्या तो एकट्याने पीत बसल्या आणि इतक्या एकट्या त्यांना त्या घरात कधीच वाटलं नव्हतं.

थोड्याच दिवसांत हातोडी आक्रसली. तिची हिरवट-तपकिरी बोटं फिकी पडत पांढुरकी झाली आणि हिरडी मागे सरून दात उघडा पडावा तसा कडेचा सांगाडा दिसायला लागला. अशी कळा त्यांनी माणसांवर पाहिली होती. त्यांच्या मते हिला संसर्ग झाला होता, आणि संसर्गावर बाईंकडे एकच उपाय. त्या हात धुवून घाणीच्या मागे लागल्या. काच रोज घासली, माशांचं खाणं निम्म्यावर आणलं, पिशवीतल्या उरलेल्या गोळ्याही नळकांड्यात ओतल्या. हातोडी आणखी खंगली.

आता रविवार नकोसा वाटायला लागला. हातोडी मेली तर टँक कशासाठी, आणि टँक नसला तर फोन कशासाठी? त्या दोन रविवार गप्प बसल्या. तिसऱ्या रविवारी "पाचच्या खाली" म्हणता म्हणता आवाज फुटला.

"अरे, हातोडी चाललीय रे माझ्या हातून."

"म्हणजे? नायट्रेट किती आहे? नीट सांग."

"शून्य."

"शून्य? अगं मावशी, शून्य कशाला केलंस? उपाशी मरतेय ती! तिच्या अंगात बारीक शेवाळ असतं, त्याच्यावर जगते ती. त्या शेवाळाला नायट्रेट लागतं. थोडी घाण लागतेच गं पाण्यात. अगदी स्वच्छ पाण्यात काही जगत नाही."

तो पाण्याबद्दल बोलत होता. पण बाईंना सोफ्यावरची ती चादर आठवली, तिच्या कडेला अंग चोरून बसलेली पोरं आठवली, आणि पालथा घातलेला कोरडा पेला आठवला.

"काय करू सांग," त्या म्हणाल्या.

"आधी रडू नकोस. पंप बंद कर, नळकांडं उघड आणि निम्म्याहून जास्त गोळ्या काढून टाक. उरलेल्या मात्र फिरत राहिल्या पाहिजेत, थांबल्या तर सडतील. मासे पोटभर जेवू देत. आणि काचेवर हिरवट थर आला तरी पुसायचा नाही. कळलं? हात मागे बांधून बस."

काच न पुसणं ही बाईंच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड शुश्रूषा ठरली. कडेला हिरवं धरायला लागलं तशा बाई त्या खोलीतून जाताना मान वळवून जात. पण आता फोन रोज यायचा. ऑफिसातून निघाल्यावर चालता चालता तो बोलायचा. आधी हातोडीचं, मग त्याच्या साहेबाचं, मग खोलीच्या मालकिणीचं, जी म्हणे त्याच्यावर भलती खूश होती, कारण असा नीटनेटका भाडेकरू तिने पाहिला नव्हता. "तुझी शिकवण," तो हसून म्हणाला. बाई हसल्या नाहीत. त्यांना वाईट वाटलं. तरी ते दिवस सुखाचे होते. संध्याकाळ झाली की त्या फोन मांडीवर घेऊनच बसायच्या.

बाटलीत गुलाबी रंग परतला, आणि मागोमाग हातोडी सावरली. आधी टोकांना रंग आला, मग बोटं फुगली, मग एका सकाळी ती अशी फुलून आली की मागचा दगड दिसेना. बाई तिच्यापुढे उभ्या राहून खुदकन हसल्या. आणि लगेच मनात आलं, आज हे सांगितलं की उद्यापासून पुन्हा रविवार.

संध्याकाळी फोन आला.

"कशी आहे?"

"अजून मलूलच आहे जरा," बाई म्हणाल्या.

नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी रुग्णाची खोटी हालहवाल कधी कुणाला सांगितली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी त्या तेच म्हणाल्या. पुढच्या आठवड्यातही तेच. भाच्याचा आवाज काळजीचा व्हायला लागला, आणि ती काळजी, देव क्षमा करो, बाईंना गोड लागत होती.

एका शनिवारी सकाळी दार वाजलं. भाचा उभा होता, हातात झाकणाच्या बादल्या.

"म्हटलं, तुला किती दिवस छळायचं," तो चपला काढत म्हणाला. "मोठी खोली बघितली. स्टँडही आणून ठेवलाय. खाली टेम्पो उभा आहे, आजच नेतो. तुझ्या डोक्याचा ताप गेला."

दोन्ही पायपुसण्यांवर पाय पुसून तो आत आला आणि टँकपुढे थांबला. हातोडी पाण्यात संथ डुलत होती, पूर्वीपेक्षाही भरदार.

"ही काल-परवा नाही फुललेली, मावशी."

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"विसरले."

मावशी काही विसरत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? तो त्यांच्याकडे बघत राहिला. काहीतरी ओठांवर आलं होतं त्याच्या, पण खालून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला आणि तो बादल्या भरायला बसला. बाईंनी नळकांडं स्वतः धरून जिन्यातून खाली नेलं, कुशीत धरल्यासारखं.

सगळं उतरवून झाल्यावर तो पुन्हा वर आला. फडकं घेऊन त्याने सांडलेलं पाणी टिपलं, फरशी दोनदा पुसली, फडकं धुऊन, पिळून वाळत घातलं. पाणी प्यायला, पेला विसळून पुसून पालथा घातला.

"राहू दे रे," बाई म्हणत होत्या. "राहू दे ना तसंच."

"झालंच," तो म्हणाला. आणि गेला. खोली अशी दिसत होती, जणू तिथे कधी कुणी राहिलंच नव्हतं.

रविवार आला. संध्याकाळ झाली, दिवे लागले. फोन वाजला नाही. टँक होता तिथल्या भिंतीवर खाली, जिथे फडकं पोचलं नव्हतं, तिथे मिठाचा एक पापुद्रा राहिला होता. बाईंनी सवयीने ओलं फडकं आणलं, वाकल्या, आणि तशाच थांबल्या. फडकं ठेवून दिलं. मग त्यांनी फोन उचलला. आजवर त्याला त्यांनी आपणहून कधी फोन केला नव्हता. काम असल्याशिवाय कुणाला फोन करायचा असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"मावशी? काय झालं?" त्याचा आवाज घाबरलेला.

"काही नाही. उगीच केला."

"उगीच?"

"भिंतीवर मीठ राहिलंय तुझं."

"अगं, ओल्या फडक्यानं निघेल."

"माहितीय मला. पुसत नाहीये मी." सांगायला आकडा नव्हता. पलीकडे पंपाची घरघर आणि फेसाच्या यंत्रात पडणाऱ्या पाण्याचा तोच ओळखीचा आवाज येत होता. "'विसरले' म्हणाले ते खोटं होतं. ती बरी झाली हे सांगायचं नव्हतं मला. सांगितलं असतं तर तू फोन केला नसतास."

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ठेवू नकोस," बाई म्हणाल्या. "बोलायला नको काही. नुसता चालू ठेव जरा."

पाण्याचा आवाज येत राहिला. मग तो जवळ आल्यासारखा मोठा झाला, आणि त्याच्याजवळच फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. तो बसला होता.