जोतीरामतात्यांची डबल बेल

आमच्या गल्लीतले जोतीरामतात्या सिटी बसमध्ये बत्तीस वर्षं कंडक्टर होते. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, तरी पंगतीत बसलेल्या पावण्यांना अजून "आत सरका, आत सरका" म्हणतात.

गेल्या साली लेकीकडं, क्रांतीकडं, अमेरिकेला गेलते. परत आल्यावर आम्ही विचारलं, काय बघितलं? तर म्हणाले, "ट्राम."

तिथं म्हणे पूर्वी शहराशहरांत ट्राम पळायच्या. मग ज्यानं त्यानं मोटार घेतली, ट्राम रिकाम्या पडल्या, रूळ उखडले. आता एखादी म्युझियममध्ये ठेवलेली असते. तिकीट काढून बसायचं, ती जरा पुढं जाते आणि परत येते. तात्या बसले. माणसं चढल्यावर सवयीनं दोरी दोनदा ओढली. आपल्याकडं डबल बेल म्हणजे जाऊ दे. तिकडं दोरी ओढली की थांब. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. तात्यांनी परत डबल दिली, त्यानं परत मारला. हे मला क्रांतीनं फोनवर सांगितलं. तात्या एवढंच गाळतात.

यंदा आमच्या स्टॉपवरनं शिरोली एमआयडीसीला जाणारी सकाळची बस बंद करायचं घाटत होतं. सोमवारी मोजणी, चाळीस उतारू भरले तर राहणार. तात्या दारोदार फिरले. माझ्या मोटरसायकलकडं बघून म्हणाले, "हिच्यापायीच अमेरिकेची ट्राम गेली."

"तात्या, ही मी शाहूपुरीत घेतलीया."

"सोमवारी येतोस का न्हाय, तेवढं सांग."

सोमवारी मी पोचलो तर सगळी गल्ली स्टॉपवर. शालूबाई नवी साडी नेसून उभ्या.

"मावशी, शिरोलीत काय काम?"

"काय न्हाय. जायाचं आन् यायाचं."

बस आली. तात्यांनी एकेकाला पाठीत हात घालून आत कोंबलं. कंडक्टर मधेच अडकला, त्याचा हात बेलच्या दोरीपर्यंत पोचेना. मग तात्यांनीच खालनं पत्र्यावर दोन थापा हाणल्या. बस सुटली. तात्या खालीच राहिले, मीही.

मोजणीवाला वहीत त्रेसष्ट लिहून म्हणाला, "आजोबा, तुम्हालाबी धरतो की."

"न्हाय. चढल्याली तेवढीच धरायची."

मी गाडीला किक मारली. "तात्या, बसा मागं. शिरोलीत गाठू बस."

तात्या स्टॉपच्या बाकावर बसले आणि शेजारची जागा थोपटत म्हणाले, "बंद कर ती. पुढची दीड तासानं हाय."