मिलिटरीमामांचा पलंग

दाराशी तुडुंब भरलेली विहीर असताना एका तांब्यात आंघोळ उरकणारा माणूस मी एकच पाहिला, आमचे मिलिटरीमामा. घोडेगावात त्यांना सरसकट वेडा म्हणत. म्हणणाऱ्यांची अक्कल पुढे दिसलीच.

मामा माझ्या आईचे थोरले भाऊ. पलटणीत ड्रायव्हर होते. लग्नानंतरची उमेदीची वर्षं त्यांनी मामींना गावी ठेवून राजस्थानच्या वाळवंटात काढली. पेन्शनीत आल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला. आपण जिथे राहिलो ती जागा बायकोला दाखवायची, आणि तीही धर्मशाळेत उतरून नाही, वाळूतच मुक्काम करून. त्यासाठी लष्कराच्या लिलावातला जुना ट्रक घेऊन त्यांनी मागे घरच उभं केलं. स्टोव्हला कोनाडा, पाण्याला पिंपं, खिडकीला मामींच्या लुगड्याचा पडदा आणि सागवानी फळ्यांचा पलंग. चारचौघांत बायकोचं नाव न घेणाऱ्या या माणसाने पलंगाच्या उशाच्या फळीवर तापल्या सळईने ‘भागीरथी’ असं कोरलं होतं.

निघण्याआधी सराव हवा, हा त्यांचा मिलिटरी खाक्या. म्हणून दोघं अंगणातल्या ट्रकातच राहायला गेली. स्वयंपाक तिथे, झोप तिथे, आंघोळीला माणशी एक तांब्या. मामी आईकडे कुरकुरायच्या, पण ट्रकातून खाली उतरत नसत. बाजाराला येणारे लोक बैल बघायचे सोडून ट्रक बघायला थांबत आणि विचारत, कोरडं रान बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?

त्यातच बहात्तरचा दुष्काळ पडला. मामांची विहीरही आटली. आता वाळवंट दारीच आलं म्हणून पारावर थट्टा झाली, तेव्हा मामा कडाडले.

“ह्यो दुष्काळ हाय. दुष्काळात काई तरी गेलेलं असतं. वाळवंटातनं काईच गेलेलं नसतं. त्याला नावं ठेवू नका.”

पण पाणी आणायला गाडी हवी, म्हणून हेच लोक दारात आले. मामांनी स्वतः पलंग सुटा केला, फळ्या देवळात ठेवायला दिल्या आणि पुढचा पाऊस येईपर्यंत प्रवरासंगमाहून पाणी वाहिलं. त्या खेपांनी ट्रकाचा पार खुळखुळा झाला.

पाऊस आला आणि गावाने मामांचा सत्कार ठेवला. मीही नगरहून गेले होते. मामांना टॉवेल-टोपी द्यायला पुढारी व्यासपीठावर चढले. ते व्यासपीठ मामांच्याच फळ्यांचं होतं. विचारायची गरज कुणालाच वाटली नव्हती. फळ्या कापून, खिळे ठोकून पक्क्या केल्या होत्या आणि पुढाऱ्यांच्या चपला बरोबर ‘भागीरथी’वर होत्या. मामांनी टोपी घेतली नाही.

“ततं माझ्या मंडळीचं नाव हाय. पाय काढा.”

आणि लोक हसले. मिलिटरीमामा गमतीशीर बोलतात म्हणून टाळ्याही वाजल्या. एवढी वर्षं झाली, त्या टाळ्या आठवल्या की आजही माझं डोकं फिरतं. ज्यांनी त्या माणसाच्या हातचं पाणी पिऊन वर्ष काढलं, त्यांना एक फळी परत करता आली नाही. गावाच्या सभांना व्यासपीठ हवंच होतं म्हणे.

मामांनी पुन्हा पलंग केला नाही. दुसऱ्या वर्षी छातीच्या दुखण्याने ते गेले. ट्रक अंगणातच गंजला.

बऱ्याच वर्षांनी मी मामींना रेल्वेने वाळवंटात घेऊन गेले. उतरत्या उन्हात वाळू दूरवर पसरली होती. त्या खूप वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, रडतील. पण त्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता.

“हितलं काईच गेलं न्हाई म्हनायचे,” त्या म्हणाल्या. “माझी समदी वर्सं गेली की हितं.”

मग त्यांनी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि तिथेच वाळूत बसल्या. अंधार पडला तरी उठायला तयार होईनात.